अर्धीच तर गोळी

३ फेब्रुवारी

छोट्या,

वर ‘अनेक आशीर्वाद’ लिहिलं होतं, ते खोडलं. खोटं कशाला लिहायचं?

माझा फोन तू उचलणार नाहीस, हे तू चारचौघांत सांगून ठेवलं आहेस. तुला पुन्हा फोन करणार नाही, असं माझ्याही तोंडून निघून गेलं आहे. पत्राबद्दल मात्र दोघंही काही बोललो नव्हतो. म्हणून हे पत्र. याला माघार समजू नकोस.

पैसे मागत नाही, औषधही मागत नाही. एक माहिती हवी आहे, आणि ती देऊ शकेल असा माझ्या ओळखीत औषधांचा दुकानदार तू एकटाच आहेस, हे माझं दुर्दैव. तुझ्या ताईच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्यांबद्दल विचारायचं आहे.

आपलं बोलणं बंद झाल्यापासून तुझ्याकडून येणारा गोळ्यांचा खोका बंद झाला. तू पाठवत होतास, तिनेच ‘नको’ म्हणून कळवलं, हे मला माहीत आहे. माझ्या बाजूने उभं राहायचं म्हणून. मी तिला तसं सांगितलं नव्हतं. तसं करू नकोस, असंही सांगितलं नव्हतं. तेव्हापासून कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून घेतो. पूर्वी ज्या किमतीत तीन पट्ट्या यायच्या त्यात आता एक येते, आणि दुकानदार ती अशी पुढे सरकवतो, जणू पदरचीच देतोय.

गेल्या आठवड्यात शर्टाचं बटण तुटलं म्हणून तिचा शिवणाचा डबा उघडला. आत रिळांच्या खाली गोळ्या. रोज घेतल्या असत्या तर एवढ्या उरल्याच नसत्या. विचारलं, तर इस्त्रीवरची नजर न काढता म्हणाली, “एक दिवसाआड घेते. बरं वाटत असलं की कशाला उगाच खर्ची घालायची? गोळी काय पळून जातेय?”

तिला खेचतच डॉक्टरकडे नेलं. आमची डॉक्टर म्हणजे परवाची पोरगी. तिने दंडाला पट्टा बांधला, आकडा पाहिला, मग दुसऱ्या दंडाला बांधला. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि मला म्हणाली, “काका, डोक्यातली शीर म्हणजे काही नळाचा वायसर नाही, फुटला की बदलला. रोज गोळी गेलीच पाहिजे. एकही चुकवायची नाही.” छोट्या, मी त्या खोलीत मुंडी हलवत बसलो होतो. हिच्याशिवाय मी काय आहे, हे तुला सांगायला नको. तुझी ताई गेली तर मला घरात पाणी प्यायचं भांडंसुद्धा सापडायचं नाही.

तर विचारायचं ते असं. डॉक्टरने लिहिलेली गोळी मोठ्या कंपनीची आहे. कोपऱ्यावरचा म्हणतो, हेच औषध साध्या नावाने मिळतं, चौथाई किमतीत. मला भरवसा वाटत नाही. आमच्या धंद्यात स्वस्त काच म्हणजे आत बुडबुडा असलेली काच. गोळीतला बुडबुडा मला कसा दिसणार? ती घ्यावी की नाही, एवढंच कळव. एका ओळीचं कार्ड चालेल. नावसुद्धा लिहू नकोस, अक्षर ओळखेन.

दाजी


१७ फेब्रुवारी

छोट्या,

कार्ड आलं नाही. अपेक्षाही नव्हती, पण पोस्टमन दिसला की मी दुकानाबाहेर येऊन उभा राहतो, हे तिने पाहिलं. “कुणाची वाट बघता?” म्हणाली. मी म्हटलं, वीजबिलाची. तिने लगेच मान फिरवली. वीजबिलाची वाट बघणारा माणूस तिनेही पाहिलेला नसणार.

तुझ्यावाचून अडलं नाही. मी सरळ डॉक्टरलाच विचारलं. म्हटलं, ही गोळी आम्हाला झेपत नाही. एवढं वाक्य मी टेबलाकडे बघून बोललो, आणि ती पोरगी म्हणते कशी, “मग आधी का नाही सांगितलंत?” कंपनीचं नाव खोडून तिने औषधाचं नाव लिहिलं. झालं! सरकारी तपासणी झालेली असते, औषध तेच असतं, खोका फक्त साधा असतो, म्हणाली. मी लाजत बसलो आणि ही इकडे एक दिवसाआड घेत बसली.

पण सुख टिकतं कुठे! साध्या नावाच्या गोळीने आकडा उतरेना. म्हणजे गोळी खोटी नव्हती, रोगच पुढे गेला होता, असं डॉक्टर म्हणाली. तिने औषध बदलून दुसरं दिलं. ते साध्या नावानेही महाग. वर हॉटेलच्या लॉन्ड्रीत तुझ्या ताईच्या पाळ्या निम्म्यावर आणल्या. चादरींना इस्त्री करायला आता यंत्र आलं आहे, एका बाजूने चादर घातली की दुसऱ्या बाजूने कडक होऊन बाहेर. माझ्या दुकानाचं तर विचारूच नकोस. लोक तयार चौकटी घेतात, काचेसकट. परवा एक गिऱ्हाईक आलं, मला वाटलं काम आलं. त्याला समोरचं दुकान कधी उघडतं ते विचारायचं होतं.

काटकसरीचे सगळे मार्ग पाहिले. सरकारी दवाखान्याच्या खिडकीसमोर सकाळपासून उभा राहिलो. माझा नंबर आला आणि आतल्या बाईने खिडकीवर पाटी टांगली, साठा संपला. पुढच्या महिन्यात या, म्हणाली. ब्लडप्रेशरला पुढच्या महिन्यात ये म्हणून सांगता येत असतं तर मी कशाला आलो असतो? दुसऱ्या एका दुकानात तीन महिन्यांचं औषध एकदम घेतलं तर सूट आहे. एकदम घ्यायला एकदम पैसे लागतात, हे सूट देणाऱ्याला कुणी सांगितलेलं नसतं.

मी आता स्वतः तिला गोळी देतो. सकाळी कामाला निघताना पाण्याचा पेला घेऊन दारात उभा राहतो. गिळली की तोंड उघडून दाखवायला लावतो. ती चिडते, “मी काय शाळेत आहे?” म्हणते. शाळेत असती तर बरं होतं, तिथे एवढी चलाखी चालत नाही.

आता मुद्दा. वरच्या मजल्यावर रेडिओ दुरुस्त करणारा राहतो, त्यालाही हाच आजार. त्याने युक्ती सांगितली. दुप्पट ताकदीच्या गोळीची किंमत साध्या गोळीपेक्षा थोडीशीच जास्त असते. ती आणायची, मधोमध कापायची. एका गोळीत दोन दिवस. तो वर्षानुवर्षं तसंच करतो म्हणे, डॉक्टरला विचारून. पण त्याची गोळी वेगळी आहे, तुझ्या ताईची वेगळी. आमच्या डॉक्टरला विचारायला गेलो तर ती रजेवर, महिना संपल्यावर येणार. घरातली पट्टी तर संपत आली.

कापणं हा माझा धंदा आहे, त्यात मला कुणी शिकवायला नको. गोळीचं नाव पट्टीवरून कागदाच्या मागे उतरवलं आहे. कापावी की नाही, एवढं मात्र तू सांग. फक्त ‘हो’ किंवा ‘नको’.

आणि हेही तुला पाठ आहे, तरी लिहितो. आमच्या दुकानाची रीत अशी की माप लिहून गिऱ्हाइकाला पाठवायचं. शनिवारपर्यंत हरकत आली नाही, तर माप पक्कं धरायचं आणि काच कापायची. मग गिऱ्हाईक रडो की हसो. तुझ्या दुकानाच्या दर्शनी काचेचं मापही मी असंच पाठवलं होतं. तू गप्प राहिलास. मग काच तडकली तेव्हा तोंड उघडलंस, तेही माझ्यावर, उद्घाटनाला आलेल्या पाहुण्यांसमोर. ते असो. या पत्राला येत्या शनिवारपर्यंत उत्तर आलं नाही, तर मी होकार समजेन.

दाजी


२ मार्च

छोट्या,

शनिवार गेला. तू गप्प. मी होकार धरला आणि कापायला घेतली.

तुझ्या आजवरच्या वागण्यात हे गप्प बसणंच काय ते उपयोगी पडलं, म्हणून कळवतो.

आधी काच कापायच्या हिऱ्याच्या कलमाने रेघ मारून पाहिली. गोळी म्हणजे काच नव्हे, ती रेघ मानत नाही. मग फ्रेमच्या लाकडात गोळीच्या मापाची खाच कोरली, गोळी तीत बसवली आणि वरून दाढीचं नवं ब्लेड एका दाबात खाली. वरचं कवच भारी चिवट आहे, आधी ब्लेड थबकतं, मग एकदम आत जातं. आत कवचाचा रंग नाही, पांढरं. दोन्ही अर्धुकं शेजारी ठेवली तर यातलं डावं कुठलं नि उजवं कुठलं, हे गोळी बनवणाऱ्यालाही सांगता येणार नाही. चुरा पडला तर तोसुद्धा मी बोटाने टिपून तिच्या जिभेवर ठेवतो. टाकायचं काही नाही.

रेडिओवाला बघायला खाली आला होता. म्हणाला, “मी आपला सुरीने कापतो, एक तुकडा मोठा, एक छोटा. मोठा रविवारी खातो.” म्हणजे बघ, लोक कशी औषधं घेतात.

तुझी ताई ते अर्धुकं हातात घेऊन खूप वेळ बघत राहिली. “किती नीट कापलंय हो,” म्हणाली. नंतर बोलता बोलता सहज विचारल्यासारखं विचारलं, “छोट्याचं काही पत्रबित्र?” मी म्हटलं, त्याला लिहिता येत असतं तर आलं असतं. ती हसली नाही. माझ्या हातून गोळी घेतली, गिळली, तोंड उघडून दाखवलं.

आकडा उतरला आहे. मेडिकलवाल्याकडच्या यंत्रावर मोजून आणला. बराच उतरला आहे. थोडा जास्तच, असं तो म्हणत होता, पण त्याचं यंत्र जुनं आहे. ती कालपासून जरा गळून गेल्यासारखी आहे. उठताना भिंतीला हात लावते. लॉन्ड्रीत वाफेत उभं राहायचं म्हणजे कुणीही गळून जाईल. विश्रांती घे म्हटलं, तर म्हणते, पाळ्या आधीच निम्म्या, त्यातली एक मी सोडू?

हे सगळं कळवायची खरं तर गरज नव्हती. पण मनात आलं, तुला तुझ्या बहिणीची खबर असावी. तुला नको असली तरी.

दाजी


१९ मार्च

तुला काय म्हणून हाक मारू तेच सुचत नाही.

ती हॉस्पिटलमध्ये आहे. लॉन्ड्रीत उभ्याउभ्या कोसळली. इस्त्रीच्या टेबलाची लोखंडी कड डोक्याला लागली, मनगट मोडलं. रक्तदाब इतका खाली गेला होता की इथल्या नर्सला पहिल्यांदा वाटलं पट्टाच बिघडला आहे. मूत्रपिंडांना रक्त कमी पडलं म्हणे, त्यांचं काय होतंय ते अजून सांगत नाहीत. डोळे उघडते, माझ्याकडे बघते, पुन्हा मिटते.

इथल्या मोठ्या डॉक्टरने विचारलं, काय औषध चालू आहे. मी खिशातून कागदाची पुडी काढली आणि अर्धुकं दाखवलं. दाखवतानासुद्धा मला वाटलं, हा म्हणेल, कुणी कापलंय एवढं सुंदर. त्याने ते बोटांत धरून उजेडाकडे नेलं. मग शांतपणे म्हणाला, “ही कापायची गोळी नाही. ही दिवसभर थोडीथोडी विरघळावी म्हणून हिला कवच असतं. तुम्ही ते फोडलंत. दिवसभराचं औषध एकदम उतरलं.” ओरडला असता तर बरं झालं असतं. मग स्वतःशीच म्हणाला, “तरी अर्ध्या गोळीने इतकं खाली जायला नको होतं.” पण मला पुढचं काही ऐकू येत नव्हतं.

मी तुला विचारलं होतं. दोन अक्षरं. ‘नको’. एवढी दोन अक्षरं लिहायला तुझा हात झडला होता का? तुला ठाऊक होतं. दिवसभर हेच विकतोस तू, कुठली कापायची आणि कुठली नाही हे तुझ्या दुकानातल्या झाडूवालीलाही ठाऊक असेल. एका काचेसाठी तू बहिणीचा जीव पणाला लावलास. तुझ्या मनात हे होतं तरी काय? मी हरावं? घे, हरलो. ये आणि बघ, मी कसा बाकावर बसलोय, तिच्या चपला मांडीवर घेऊन. त्या कुठे ठेवायच्या ते मला कळत नाही.

तिला काही झालं तर तुला कळवणारही नाही. तुझा तेवढाही हक्क उरलेला नाही.


२१ मार्च

छोट्या,

परवाचं पत्र पोचलं असेल, तर ते परत मागतो. फाड. जाळ. नको, ठेव. तुझ्या वाटचं त्यातलं थोडं खरं आहे, पण माझ्या वाटचं मी लिहिलंच नव्हतं.

काल लॉन्ड्रीतल्या घड्या घालणाऱ्या बाई आल्या. तुझ्या ताईचं तिथलं सामान घेऊन, एक अ‍ॅप्रन, एक कंगवा आणि एक कापडी पिशवी. पिशवीत गोळ्यांच्या पट्ट्या होत्या, तुझ्या दुकानाचा शिक्का असलेल्या. मी एक पट्टी उलटून शिक्का पुन्हा वाचला. त्या म्हणाल्या, “त्यांच्या भावाने पाठवल्या. आमच्या मुकादमाच्या फोनवर त्याचा फोन यायचा. रोज पाळी सुरू झाली की एक घ्यायच्या. तुम्हाला माहीत नव्हतं का?”

मला माहीत नव्हतं. म्हणजे माझी पत्रं तू वाचत होतास. वाचलंस आणि उत्तरही दिलंस. फक्त मला दिलं नाहीस.

ती आज जरा शुद्धीत होती, म्हणून तिलाच विचारलं. तिने काही लपवलं नाही. तू तिला म्हणालास, “ताई, दाजींनी कापलेलं काही खाऊ नकोस. मी पाठवतो ती घे. आणि त्यांना यातलं काही सांगू नकोस.” बरोबर ना? औषधाचा सल्ला शंभर नंबरी दिलास. शेवटचं एक वाक्य तेवढं तुझ्यातल्या मेहुण्याने घातलं, दुकानदाराने नव्हे.

मी म्हटलं, “अगं, मग माझी का घेत होतीस?”

ती म्हणाली, “तुम्ही पेला घेऊन दारात उभे. नको म्हटलं असतं तर का विचारलं असतंत. मग छोट्याचं नाव निघालं असतं, मग काच निघाली असती.”

“म्हणून दोन्ही घ्यायच्या?”

“त्याने मायेने पाठवलेली, तुम्ही मायेने कापलेली. कुणाची टाकू? आणि तुमची तर अर्धीच होती.”

“दोन्ही एकच औषध आहे गं!”

तर म्हणते, “मला काय ठाऊक? त्याची पिवळी, तुमची पांढरी. नावं वेगळी, पट्ट्या वेगळ्या. मला वाटलं एक माहेरची, एक सासरची.”

हे म्हणताना ती हसली, छोट्या. डोक्याला पट्टी, ओठ सुकलेले आणि हसली. मी बाहेर जाऊन नळाखाली तोंड धरलं. तिथे एक माणूस बाटली भरत होता, तो बाजूला झाला.

सकाळी घरी अर्धी, तीही कवच फोडलेली. तासाभरात लॉन्ड्रीत एक अख्खी. मधे वाफ. मी एका बाजूने घालत होतो, तू दुसऱ्या बाजूने. डॉक्टरला हे सांगितलं तेव्हा त्याने विचारलं, “तुम्ही आणि तिचे भाऊ बोलत नाही का?” मी म्हटलं, नाही. त्याने कागदावर काहीतरी लिहिलं. बहुतेक औषधाचंच असेल. पण मला वाटलं, हेच लिहिलं.

तुझ्या गप्प बसण्याला मी होकार समजलो, ही माझी रीत. माझ्या पत्राचं उत्तर तिच्या कानात सांगायचं, ही तुझी रीत. दोन्ही रीती आपापल्या दुकानात ठीक आहेत. तिच्या पोटात नव्हत्या.

आता जे लिहितो ते नीट वाच. सगळी औषधं थांबवल्यावर आकडा पुन्हा वर चढू लागला आहे. खाली गेला तेव्हा मूत्रपिंडं, वर गेला तर डोकं, आणि डोक्याला आधीच मार बसलेला. नळीतून देतात ते तात्पुरतं आहे. आजपासून नवी गोळी ठरली आहे, साधी, एकच, रोज एक. नर्सने ती पुढे केली. तुझ्या ताईने ओठ मिटून घेतले.

मी विनवलं, रागावलो, डॉक्टर येऊन समजावून गेला. ती भिंतीकडे तोंड करून एकच म्हणते, “दोघं मिळून या. दोघांनी एका तोंडाने सांगा, ही घे. मग घेते. तोवर कुणाचीच घेणार नाही.”

तुला माहीत आहे ती कशी आहे. सगळं आयुष्य ती ‘बरं’ म्हणत आली आहे, तुला, मला, मुकादमाला. आता पहिल्यांदा नाही म्हणते आहे, आणि नेमकं इथे.

ये.

दाजी


२२ मार्च

छोट्या,

मी फोन केला. करणार नाही म्हणालो होतो, केला. आधी तू उचलला नाहीस. मग हॉस्पिटलच्या फोनवरून केला, तर तुझ्या दुकानातली मुलगी म्हणाली, मालक बाहेर गेलेत. मागे तुझा खोकला ऐकू आला. तो खोकला मी तू शाळेत जायचास तेव्हापासून ओळखतो.

आकडा आज सकाळी कालच्यापेक्षा वर आहे. तिला एका डोळ्याने धूसर दिसतंय, हे तिने मला सांगितलं नाही, नर्सला सांगितलं. नर्सने मला सांगितलं. आमच्या घरात सगळं असंच कळतं.

कालचं पत्र तुला अजून पोचलंच नसेल, असं मी मनाला समजावतो आहे. उद्या पोचेल, परवा तू निघशील. तोवर काय करायचं? नर्स गोळी वाटीत ठेवून जाते, परत येऊन उचलून नेते. शेजारच्या खाटेवरच्या बाई तिला म्हणाल्या, “अहो, घ्या ना, कशाला जिवाशी खेळता?” ती त्यांना म्हणाली, “मी नाही खेळत. ते दोघं खेळतायत, मी थांबले आहे.”

उद्या मीच येतो.


२३ मार्च
तुझ्या दुकानासमोरचा बाक

छोट्या,

मी तुझ्या समोर बसलो आहे. मान वर केलीस तर दिसेन. तपकिरी स्वेटर, तिनेच विणलेला. तू मघाशी मला पाहिलंस आणि आतल्या खोलीत गेलास, तेही मी पाहिलं. आत शिरायला मला भीती वाटत नाही. पण शिरलो तर तोंडातून काय निघेल याचा भरवसा नाही, तुझ्याही आणि माझ्याही. गिऱ्हाइकं आहेत, एक बाई लहान बाळ घेऊन उभी आहे. म्हणून पुन्हा पत्र. ही चिठ्ठी तुझ्या काउंटरवरच्या मुलीच्या हाती देतो. तिला सांगितलंय, मालकांना आत नेऊन दे.

तू घाबरलास, हे मला कळतं. ‘त्यांना सांगू नकोस’ हे तुझं वाक्य रात्रंदिवस तुझ्या कानात वाजत असणार. माझ्या कानात ‘किती नीट कापलंय हो’ वाजतं. आपण दोघांनी तिचं भलंच करायचं म्हणून हे केलं, असं मी डॉक्टरला सांगायला गेलो, तर तो म्हणाला, माहीत आहे, इथे येणारे सगळे तसंच करून येतात.

मी निघालो तेव्हा ती जागी होती. कुठे जातो ते सांगितलं नाही. तिनेही विचारलं नाही, नुसतं स्वेटरचं वरचं बटण लावायला सांगितलं, तिकडे गारवा असतो म्हणून. म्हणजे कळलं होतंच. तिचा हात उशीवर होता, पट्टीतला, सुजलेला. मी हात लावला तर गरम लागला. डॉक्टर दारापर्यंत आला आणि म्हणाला, “आज संध्याकाळपर्यंत गोळी गेली तर बरं. उद्यावर नको.” माझ्या खांद्यावरचा हात त्याने लगेच काढला नाही. डॉक्टर लोक असं करत नसतात.

परतीची बस इथून थोड्याच वेळात सुटते. तिकिटं काढली आहेत, दोन. खिडकीची जागा तुला, तुला मळमळतं.

काच कुणामुळे तडकली, ते बसमध्ये भांडू. माझी चूक, तुझी चूक, चौकट बनवणाऱ्याची चूक, रस्ता लांब आहे, सगळ्यांना पुरेल. पाहिजे तर सगळा रस्ता तूच बोल, मी ऐकतो. पण हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर ते संपलं पाहिजे, कारण ती आपले चेहरे बघणार आहे. तिच्यापासून काही लपत नाही, हे तुलाही ठाऊक आहे.

गोळी माझ्या वरच्या खिशात आहे, अख्खी. दोघांनी मिळून दोनच शब्द म्हणायचे आहेत. ते मी काल एकट्याने म्हणून पाहिले. हळू म्हणून पाहिले, रडत म्हणून पाहिले, तुझा आवाज काढूनसुद्धा पाहिले. तिने तोंड उघडलं नाही.

ऊठ रे. बसवाला हॉर्न देतोय.

दाजी